खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या आणि स्वप्रसाराचे तत्त्व

एका मंडळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी मंडळी उभी राहावी आणि त्यासाठी बाहेरच्या मिशनरीची आवश्यकता उरू नये, या ध्येयाला ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या विचारात स्वप्रसाराचे तत्त्व म्हणता येईल. हे तत्त्व खानदेशच्या भूमीत कोणत्या अडचणींतून गेले, याचा विचार आम्ही येथे संक्षेपाने करीत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील रूफस अँडरसन यांनी या तत्त्वाची मांडणी केली. मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, आपला कारभार आपण पाहावा आणि आपला प्रसार आपण करावा, ही त्याची तीन अंगे होत. अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले असता त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याची पाहणी केली आणि गावोगावच्या मंडळ्यांवर एतद्देशीय पाळक नेमावेत, असा आग्रह धरला. तथापि तत्त्व मान्य होणे आणि ते आचरणात येणे यांत मोठे अंतर राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, यावरून ते अंतर ध्यानात येते.

खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या भागांत, तर स्कॅन्डिनेव्हियन व स्वीडिश अलायन्स मिशनांनी प्रामुख्याने पश्चिम खानदेशात कार्य केले. हा पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि वेतनावर नेमलेले उपदेशक, ही त्या काळातील मिशनकार्याची सर्वसाधारण रचना होती. तिच्यामुळे शिक्षण व औषधोपचार लोकांपर्यंत पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे वेतन परदेशातून येते, त्याचा निर्णयही परदेशी हातीच राहतो. गरीब शेतमजुरांच्या मंडळीला पाळकाचे वेतन आणि इमारतींची देखभाल झेपणे कठीण होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली, तेव्हा हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. नवापूर परिसरातील मावची, शिरपूर-अक्राणीकडील पावरा, अन्यत्र भिली आणि अहिराणी ही लोकांची घरची बोली. उपदेश केवळ ग्रांथिक मराठीत राहिला, तर तो पुढच्या पाड्यावर सांगणारा माणूस त्याच पाड्यातून निर्माण होणे अवघड होते.

बौद्ध वाचकांस हा प्रश्न अपरिचित नाही. महावग्गात दूरदूरच्या प्रव्रज्येच्छूंना तथागतांकडे आणताना भिक्खू थकून जात, म्हणून त्यांनी स्वतःच दीक्षा द्यावी, अशी अनुज्ञा मिळाल्याचे वर्णन आहे. अवंतीत दहा भिक्खू जमविण्यास सोण कुटिकण्णाला तीन वर्षे थांबावे लागले; तेव्हा सीमाप्रदेशासाठी विनयधरासह पाच भिक्खूंचा गण पुरेसा ठरविण्यात आला. स्थानिक अडचण पाहून अधिकार स्थानिकांच्या हाती सोपविला गेला, हे येथे महत्त्वाचे.

दोन्ही परंपरांचे सिद्धान्त भिन्न आहेत. परंतु कसोटी एकच दिसते. द्रव्य, अधिकार आणि वाणी या तिन्ही गोष्टी स्थानिकांच्या हाती येईपर्यंत कोणताही प्रसार मूळ पाठविणाऱ्यावरच अवलंबून राहतो, असे आमचे मत आहे. खानदेशातील मंडळ्यांचा इतिहास अभ्यासकांनी याच दृष्टीने तपासावा.