औषधं संपली होती, तरी माणूस हाफ मॅरेथॉन धावला! ब्लड कॅन्सरवरची ‘कार-टी’ थेरपी नेमकी काय आहे?

‘शेवटच्या स्टेजच्या ब्लड कॅन्सरमधून ठणठणीत बरा झाला’ अशी रील तुमच्याही फीडवर कधीतरी आली असेल. त्यातल्या बऱ्याच रील्सच्या शेवटी एखादी पावडर नाहीतर काढा विकायला असतो. पण काही जण अशा आजारातून खरोखर बाहेर आलेत. ते कसे, तेच समजून घेऊ.

डग ओल्सन यांचं काय झालं?

अमेरिकेतल्या डग ओल्सन यांना १९९६ मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया झाल्याचं कळलं. अनेक वर्षं केमो वगैरे उपचार झाले, पण आजार वाढतच गेला. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून आणि डेव्हिड पोर्टर यांच्या टीमने त्यांच्यावर एक नवी थेरपी वापरली. ती घेणारे ते अगदी सुरुवातीच्या पेशंटपैकी एक. काही आठवड्यांनी तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्याच नाहीत.

पुढे ते धावायला लागले आणि हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, पूर्ण केली. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की दहा वर्षांनंतरही त्या थेरपीच्या पेशी त्यांच्या रक्तात जिवंत होत्या.

थेरपी काम कशी करते?

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. शरीरात शिरलेल्या शत्रूला ओळखून मारणं हे त्यांचं काम. पण कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातली असल्याने त्यांना चकवा देते.

म्हणून डॉक्टर पेशंटच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. लॅबमध्ये निरुपद्रवी केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यात एक नवा जीन घालतात. त्यामुळे या पेशी ‘सीडी१९’ नावाचं प्रोटीन ओळखायला शिकतात. हे प्रोटीन बी-पेशींवर असतं आणि काही ब्लड कॅन्सर याच बी-पेशींचे असतात. मग या पेशींची संख्या वाढवून सलाइनसारख्या त्या परत शरीरात सोडतात. इथून पुढे त्या स्वतःच वाढतात आणि शोधून शोधून मारतात.

मग धोका कुठे आहे?

पेशी कामाला लागल्या की शरीरात मोठी खळबळ उडू शकते. प्रचंड ताप येतो, बीपी कोसळतं, कधी मेंदूवरही परिणाम होतो. २०१२ मध्ये ही थेरपी घेणारी एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी अशीच मरणाच्या दारात पोचली होती. संधिवातावरचं टोसिलिझुमॅब हे औषध देऊन तिला वाचवलं. पुढे ती मोठी होऊन कॉलेजात गेली.

आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. ओल्सन यांच्यासोबतच्या पहिल्या तीन पेशंटपैकी दोघांचाच आजार पूर्ण गेला. काहींचा आजार नंतर उलटतोही.

आपल्याकडे मिळते का?

हो, आणि तीही मुंबईत तयार झालेली! आयआयटी बॉम्बे, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून ‘नेक्सकार१९’ बनवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती सुरू झाली.

अमेरिकेत २०१७ मध्ये पहिली कार-टी थेरपी बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती, म्हणजे तीन कोटींहून जास्त रुपये. भारतातली थेरपी त्याच्या कितीतरी कमी खर्चात होते. तरी आकडा लाखांतच आहे आणि सामान्य घराला तो परवडत नाही.

बरं झालं की लगेच धावायचं का?

अजिबात नाही. ही थेरपी कॅन्सरसोबत चांगल्या बी-पेशीही मारते, त्यामुळे बरेच महिने इन्फेक्शनची भीती असते. काहींना इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, लसीही नव्याने घ्याव्या लागतात. थकवा लवकर जात नाही. सुरुवात घरातल्या घरात चालण्यापासून होते. पुढे किती आणि कधी वाढवायचं हे रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात.

घरात कुणाला ब्लड कॅन्सर असेल तर?

कार-टी हा पहिला उपचार नाही. आधीचे उपचार लागू पडले नाहीत किंवा आजार उलटला, तर बहुतेकदा तिचा विचार होतो. लहान मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तर नेहमीच्या केमोनेच बहुसंख्य मुलं बरी होऊ शकतात. त्यामुळे रील बघून चालू उपचार सोडू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कॅन्सर नेमका कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर सीडी१९ आहे का, आणि कुठे क्लिनिकल ट्रायल किंवा आर्थिक मदत मिळू शकते का. मोठ्या हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर असतात. पैशांचं कोडं सोडवायला आधी त्यांना भेटा.