चितकबऱ्या पानांचे आफ्रिकन व्हायोलेट : घरगुती लागवड व पाणी देण्याची रीत

घराच्या खिडकीत, थेट उन्हावाचून, वर्षातील बरेच महिने फुलणारी जी थोडी झाडे आहेत त्यांत आफ्रिकन व्हायोलेटची गणना होते. मखमलीसारखी लव असलेली पाने जमिनीलगत गोलाकार पसरतात आणि मधोमध जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा झुबका येतो. यातील चितकबऱ्या पानांच्या जाती फुले नसतानाही शोभिवंत दिसतात. म्हणून त्यांना मागणी अधिक व किंमतही अधिक असते. परंतु हौसेने आणलेली ही रोपे पुष्कळदा पहिल्याच पावसाळ्यात कुजून जातात. दोष हवेला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळी रोप मरते ते जादा पाण्याने. पाणी केव्हा, किती व कसे द्यावे एवढे नीट समजले, तर या रोपाची जोपासना अवघड नाही.

मूळ स्थान

या वनस्पतीचे मूळ स्थान पूर्व आफ्रिकेतील टांझानियाच्या उसांबारा पर्वतराजीत व त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. 1892 साली तेथील जर्मन अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल यांनी ती युरोपात पाठविली. 1893 साली हेरमान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला ‘सेंटपॉलिया आयोनान्था’ असे नाव दिले. 2015 साली शास्त्रज्ञांनी तिचा समावेश ‘स्ट्रेप्टोकार्पस’ या प्रजातीत केला. तथापि बागकामात जुने नावच रूढ आहे. नावात व्हायोलेट असले तरी खऱ्या व्हायोलेटशी तिचे नाते नाही. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या रोपवाटिकेने 1927 च्या सुमारास निवडलेल्या दहा जातींपासून तिचा घरोघरी प्रसार सुरू झाला.

तिच्या मूळ अधिवासाकडे पाहिले म्हणजे जोपासनेची बहुतेक सूत्रे आपोआप कळतात. जंगलाच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या फटीत, पालापाचोळ्याच्या पातळ थरावर ही झाडे वाढतात. तेथे ओलावा नेहमी असतो, पण पाणी साचत नाही. मुळे बारीक व उथळ असून त्यांना ओलाव्याइतकीच हवेची गरज असते. ही जंगले तुटत गेल्यामुळे तिच्या अनेक रानटी प्रकारांचे अस्तित्व आज धोक्यात आले आहे.

पाने चितकबरी का होतात?

पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य नसते तो भाग पांढरा, पिवळसर किंवा गुलाबी दिसतो. काही जातींत हा रंग पानाच्या कडेने असतो. या प्रकाराला ‘टॉमी लू’ या जातीवरून नाव पडले आहे. ‘लिलियन जॅरेट’सारख्या काही जातींत रंगाचे शिंतोडे पानभर विखुरलेले असतात. तिसऱ्या प्रकारात मधली कोवळी पाने फिकट निघतात व जून झाल्यावर हिरवी होतात.

पानाचा पांढरा भाग अन्न तयार करू शकत नाही. त्यामुळे अशी रोपे हिरव्या रोपांपेक्षा सावकाश वाढतात व पाणीही कमी उचलतात. हिरव्या रोपाला सोसणारे पाणी चितकबऱ्या रोपाला जादा होते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

कडेच्या रंगाच्या जातींत थंडीने पांढरा भाग वाढतो. उष्णता व जादा नत्र यांमुळे पाने हिरवी होऊ लागतात. म्हणून उन्हाळ्यात पाने हिरवी झाली तर जात बिघडली असे समजून रोप टाकून देऊ नये. थंडीत रंग बहुधा परत येतो. उलट, गाभ्यातील सर्वच पाने पांढरी निघू लागली तर रोप थोड्या उबदार जागी ठेवावे व नत्राचे प्रमाण किंचित वाढवावे.

जागा, कुंडी व माती

पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील खिडकी चांगली. भरपूर उजेड हवा, पण दुपारचे ऊन नको. 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान या रोपास मानवते. विदर्भ व मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात घरातील सर्वांत थंड, उजेडाची खोली निवडावी. तशी खोली नसेल तर महागडी रोपे घेऊ नयेत.

कुंडीचा व्यास रोपाच्या पसाऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश असावा. मोठ्या कुंडीत माती दीर्घकाळ ओली राहून मुळे कुजतात. शेतातील काळी माती मुळीच वापरू नये. धुतलेले कोकोपीट, परलाइट व व्हर्मिक्युलाइट समभाग घेऊन केलेले हलके मिश्रण उत्तम होय.

पाणी देण्याची रीत

वार ठरवून पाणी देऊ नये. वरच्या थराला बोट लावून पाहावे व कुंडी उचलून वजन अजमावावे. वरचा थर कोरडा व कुंडी हलकी लागली तरच पाणी द्यावे. पाणी खोलीच्या हवेइतके कोमट असावे. थंड पाणी पानांवर पडल्यास पेशी मरून कायमचे फिकट डाग व वलये उठतात. गाभ्यात पाणी साचल्यास तो कुजतो.

खालून पाणी देण्याची पद्धत सोपी आहे. थाळीत दोन ते तीन सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात कुंडी अर्धा तास ठेवावी. माती वरपर्यंत ओलसर झाली की कुंडी काढून निथळू द्यावी. कुंडी पाण्यात तशीच ठेवून देऊ नये.

ज्यांना रोज लक्ष देणे शक्य नाही त्यांनी वातीची पद्धत वापरावी. दिव्याच्या वातीतून जसे तेल चढते, तसेच दोरीतून पाणी कुंडीत चढते. नायलॉनची दोरी कुंडीच्या भोकातून आत घालावी व तिचे दुसरे टोक खालच्या भांड्यातील पाण्यात सोडावे. कुंडीचा तळ पाण्यास टेकू नये. सुती दोरी लवकर कुजते. या पद्धतीत मिश्रण हलकेच हवे. जड मिश्रण सतत चिंब राहते.

पाण्याचा प्रकारही पाहावा. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार कुंडीच्या काठावर पांढऱ्या थराने साचतात व त्यास टेकलेले देठ जळतात. पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी सर्वांत चांगले. खालून पाणी देणाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाने न भिजविता वरून भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढावेत.

कोमेजलेले रोप : तहान की कूज?

येथेच बहुतेकांची चूक होते. मुळे कुजलेले रोप पाणी ओढू शकत नाही, म्हणून तेही तहानलेल्या रोपासारखेच माना टाकते. ते पाहून आणखी पाणी दिले जाते व रोप दगावते. पाने मलूल झाल्यास प्रथम कुंडी उचलावी. कुंडी हलकी असेल तर पाणी द्यावे. जड असेल तर पाणी बंद करून रोप बाहेर काढावे. तपकिरी, मऊ मुळे कापून टाकावीत, रोप नव्या कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावावे. गाभाही मऊ झाला असेल तर रोप वाचत नाही. एखादे निरोगी पान काढून त्यापासून नवे रोप करावे.

अभिवृद्धी

निरोगी पानाचा देठ तीन सेंटिमीटर ठेवून तिरपा कापावा व ओलसर मिश्रणात लावावा. दोन ते तीन महिन्यांत देठाशी लहान रोपे दिसू लागतात. चितकबऱ्या जातीचे शक्यतो अधिक हिरवे पान निवडावे. निघालेल्या रोपांत काही पूर्ण पांढरी असतात. ती लगेच वेगळी केल्यास मरतात. हिरवेपणा दिसेपर्यंत मूळ पानाशीच राहू द्यावीत.

कीड व रोग

पिठ्या ढेकूण, कोळी, भुरी व गाभाकूज हे मुख्य उपद्रव होत. नवीन रोप महिनाभर इतरांपासून दूर ठेवावे. पावसाळ्यात कुंड्यांत अंतर राखून हवा खेळती ठेवावी. परदेशातून पाने किंवा रोपे मागविण्यास आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे. टपालाने परस्पर मागवू नयेत.

जोडधंद्याचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याने प्रथम थोड्या कुंड्या उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तिन्ही ऋतू सांभाळून पाहाव्यात आणि मगच विस्तार करावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक कोरडी व एक नुकतेच पाणी दिलेली अशा दोन सारख्या कुंड्या लोकांच्या हाती देऊन वजनातील फरक दाखवावा. हा फरक ज्याच्या हाताला एकदा कळला, त्याचे रोप पाण्यावाचून किंवा पाण्यामुळे सहसा मरत नाही.