हेलसिंकी ते टोकियो : नऊ तास की तेरा?

पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणला की सर्वांत जवळचा मार्ग मिळतो. असा दोरा फिनलंडच्या हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत ताणून पाहा. तो आधी उत्तरेकडे चढतो, ध्रुववृत्त ओलांडतो आणि सैबेरियावरून जपानकडे उतरतो. लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर. जेट विमानाला साडेनऊ तास पुरतात.

पण विमानाला खालच्या देशाची परवानगी लागते. आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा पूर्ण हक्क आहे, हे १९४४च्या शिकागो करारातलं पहिलंच कलम. शीतयुद्धात सैबेरियाचं आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना सहजासहजी मिळत नसे. म्हणून १९८३च्या एप्रिलमध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली, ती थेट उत्तर ध्रुवावरून. अलास्काला बगल देत, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून डीसी-१० विमान सुमारे तेरा तासांनी पोहोचायचं. हा वळसा काही हौसेचा नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अलास्काहून सोलला निघालेलं कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं आणि २६९ माणसं गेली.

पुढे सोव्हिएत संघ संपला, सैबेरियाची वाट शुल्क भरून मोकळी झाली, आणि युरोपातून जपानला जाणाऱ्यांना हेलसिंकी सोयीचं ठरलं. फिनएअरने आशियाचा सारा व्यवहार त्या वाटेवर उभा केला. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. थांबलेली टोकियोची विमानं मार्चमध्ये पुन्हा निघाली, पण ध्रुवाच्या वळशाने, तेरा तासांची होऊन. ध्रुवावरून जाणाऱ्या प्रवाशांना कंपनी प्रमाणपत्र देऊ लागली. मला मात्र त्यात वाढलेलं इंधन दिसतं, आणि तीन-साडेतीन तास जास्त जागणारे वैमानिक.

आता वाटा दोन आहेत. एक ध्रुवावरून, दुसरी दक्षिणेकडून कझाकस्तान, चीन, कोरियामार्गे. निवड वारा करतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे टोकियोला जाताना दक्षिणेची वाट बरी पडते, कारण वारा पाठीशी असतो. परतताना त्याला तोंड द्यायला नको म्हणून बहुतेकदा ध्रुव गाठतात. तिथली थंडी इतकी की टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं, कारण जेट इंधन उणे ४७ अंशांच्या सुमारास गोठू लागतं.

एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांनाही लांबच्या वळशाचा असाच अनुभव आला.

इंटरनेटवर हेलसिंकी-टोकियो अंतर विचारलं, तर आजही सुमारे ७,८०० किलोमीटरच सांगितलं जातं. आकडा अचूक आहे. फक्त त्याला विमानाच्या वेगाने भागून तास काढू नका. कंपनीचं चालू वेळापत्रक पाहा, आणि जाण्याचे व येण्याचे तास वेगवेगळे वाचा.