जुनी जीप: आधी दुरुस्ती, मग हौस

जुनी जीप घेतलेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता कधी पडत नाही. मोठे टायर टाक, दोन पाटे वाढव, स्नॉर्केल बसव, इंजिनच बदलून टाक. सांगणारी मंडळी मनापासून सांगत असतात आणि त्यातलं बरंचसं अर्धं खरं असतं. म्हणून तर ते तपासून घ्यावं लागतं.

महिंद्राची सीजे-३बी, एमएम ५४०, कमांडर किंवा मारुतीची जुनी जिप्सी या गाड्या आजही सह्याद्रीच्या कच्च्या घाटवाटांवर आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये फिरताना दिसतात, कारण त्यांची रचना साधी आहे. संगणक नाही, सेन्सरांचं जाळं नाही. हाताशी पाने आणि सोबत जाणते मित्र असले, की बहुतेक काम अंगणात होतं. पण माझं मत स्पष्ट आहे: या गाड्यांवर मॉडिफिकेशन म्हणून होणारा बराचसा खर्च राहून गेलेल्या दुरुस्तीवर पांघरूण घालण्यात जातो. पुढचे गैरसमज त्यातूनच आलेले आहेत.

गैरसमज: ही दुसऱ्या महायुद्धातली अस्सल विलीज आहे

विकणारा हे हमखास सांगतो. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. त्यातल्या काही भारतातही राहिल्या. पण आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक जुन्या जीप महिंद्राच्या आहेत. मुंबईत माझगावच्या कारखान्यात आधी बाहेरून आलेले सुटे भाग जोडून आणि पुढे इथेच भाग बनवून तयार झालेल्या.

ओळखायला सोपं आहे. लष्करी विलीजच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, हेडलाइट आत बसवलेले असतात आणि मागे उघडणारं फळकं नसतं. युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए पासून फटी सात झाल्या, दिवे मोठे होऊन बाहेर आले, मागे फळकं आलं. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ मध्ये आली ती उंच बॉनेट घेऊन. तिच्या नव्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. त्यामुळे इंजिनची उंची वाढली आणि बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडे ज्याला ‘हाय बॉनेट’ म्हणतात ती हीच. हाय बॉनेट कापून लो बॉनेट केलेल्या आणि वर नऊ फटींची जाळी ठोकलेल्या गाड्याही बाजारात आहेत. गाडी म्हणून त्या वाईट असतील असं नाही, पण महायुद्धाचे पैसे त्यांच्यासाठी मोजू नयेत.

गैरसमज: स्टिअरिंग थरथरतं? डॅम्पर टाका

या गैरसमजावर थोडं थांबतो, कारण हा जिवावर बेततो. जुन्या जीपचं पुढचं चाक खड्ड्यावर आपटलं, की स्टिअरिंग हातातून निसटेल इतकं हलू लागतं आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाही. जीपवाले याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे आडवा बसवलेला छोटा शॉक अॅब्सॉर्बर लावला की ते थांबल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात झिजलेला भाग तसाच राहतो, फक्त कळ दबते. काही महिन्यांनी डॅम्पर ढिला पडतो, तेव्हा तो भाग आणखी झिजलेला असतो.

मूळ कारण शोधायला दोन माणसं आणि पाऊण तास पुरतो. सपाट जमिनीवर मागच्या चाकांना अडण्या लावा, पुढचा अॅक्सल जॅकने उचला आणि स्टँडवर ठेवा. एकाने चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवायचं. खेळ जाणवला, तर दुसऱ्याने ब्रेकचा पेडल दाबून धरायचा. पेडल दाबताच खेळ गेला, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने ड्रम मागच्या प्लेटशी जखडला गेला. पेडल दाबूनही खेळ राहिला, तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, ढिली आहे. सीजे-३बीच्या पुढच्या अॅक्सलला किंगपिनच्या वर-खाली बेअरिंग आणि त्याखाली पातळ शिम असतात. बेअरिंग खराब असेल तर बदलायचं, आणि नकल हलवताना ठरावीक ताण जाणवेल इतपत शिम कमी करायच्या. वॉबलिंगचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

त्यानंतर टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक, पाट्यांचे बुश, यू-बोल्टचा आवळ, टायरचं बॅलन्सिंग, या क्रमाने जायचं. हे सगळं घट्ट झाल्यावर डॅम्पर लावला तर तो खड्ड्यांचे धक्के सोसायला उपयोगी पडतो. त्याचं खरं काम तेवढंच आहे.

गैरसमज: फोर बाय फोर लावलं की चारही चाकं ओढतात

जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलवर साधा, उघडा डिफरन्शियल असतो. उघड्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो जोर कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल तेवढाच असतो. पुढचं एक चाक हवेत आणि मागचं तिरकं चाक चिखलात गेलं, की ती दोन फिरत राहतात आणि उरलेली दोन जमिनीवर घट्ट असूनही गाडी जागची हलत नाही. फोर बाय फोर असून अडकणाऱ्या गाड्या बहुतेक अशाच अडकतात. यावर पहिला उपाय म्हणजे चाक हवेत जाणार नाही अशी वाट निवडणं. दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर बसवता येतो, पण त्याने वळताना स्टिअरिंग जड होतं आणि हाफ शाफ्टवर भार वाढतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर पकडीसाठी फोर बाय फोर लावून ठेवण्याची सवय. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. चिखलात तो फरक चाकं घसरून भरून निघतो, डांबरावर मात्र तो पीळ बनून प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. मग लीव्हर निघत नाही. अशा वेळी जोर लावू नका. गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि लीव्हर आपोआप मोकळा होतो.

गैरसमज: टायर जेवढा मोठा, गाडी तेवढी दमदार

गणित साधं आहे. २९ इंच व्यासाच्या टायरऐवजी ३१ इंचाचा टाकला, तर अॅक्सलखालची उंची वाढते फक्त एक इंच. मात्र गिअरिंग जवळपास ७ टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चढावर तेवढी ओढ कमी होते. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने धावत असते. जड चाक थांबवायला जुने ड्रम ब्रेक अपुरे पडतात, आणि आधीच ढिल्या किंगपिनवर आणखी भार येतो.

उंचीसाठी पाटे वाढवण्याचंही तसंच. जादा पाटा घातला की कमान कडक होते, चाक खाली सुटायला कचरतं आणि खडबडीत जागी ते लवकर हवेत जातं. लांब शॅकल लावले तर किंगपिनचा कल बदलतो आणि स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं. जुन्या पाट्यांना नवीन बुश, मधल्या बोल्टची तपासणी आणि पाट्यांमधला गंज काढून ग्रीस, एवढं केलं तरी गाडी वेगळी वाटते.

आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा फुकट आहे. वाळूत किंवा चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा ३० वरून १८ पीएसआयच्या आसपास आणली, की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि पकड एकदम वाढते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर सोबत हवा.

गैरसमज: स्नॉर्केल आहे, ओढा कितीही चढू दे

स्नॉर्केल फक्त इंजिनच्या श्वासाची सोय करतो. गाडीत पाणी शिरायला बाकी वाटा पुष्कळ आहेत. चालून गरम झालेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी ब्रीदरला लांब नळी जोडून ती वर, बॉनेटखाली आणणं हे स्नॉर्केलच्या आधीचं काम आहे आणि त्याला खर्च नगण्य लागतो. ओढा पार केल्यावर ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवा. घरी आल्यावर डिफरन्शियलचा खालचा नट किंचित ढिला करून पाहा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं, तर त्याच दिवशी बदला. पुढच्या नकलमधलं ग्रीसही विसरू नका.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, आणि सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं. गाडी ओढून काढा, डिझेल गाडीचे हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढा आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येऊ द्या.

गैरसमज: जुनं इंजिन दमलं, मोठं टाका

सीजे-३बीच्या तीन गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसची लो रेंज २.४६ आणि अॅक्सल ५.३८. गुणाकार केला तर इंजिनच्या ३७ फेऱ्यांत चाक एकदा फिरतं. १००० फेऱ्यांवर ही गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने, माणसाच्या सावकाश चालीने, चढ चढते. डोंगरात लागते ती ही ओढ, आणि ती गिअरमध्ये आहे.

पुढच्या महिंद्रा गाड्यांत आलेलं प्यूजोचं २.१ लिटरचं एक्सडीपी डिझेल आणि ट्रॅक्टरच्या घराण्यातलं २.५ लिटरचं एमडीआय, दोन्ही नीट राखली तर खूप चालतात. एक्सडीपी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करत असेल, तर आधी हीटर प्लग बघा. थेट इंजेक्शनच्या एमडीआयला हीटर प्लगची गरजच पडत नाही. कॉम्प्रेशन, इंजेक्टर, रेडिएटर हे तपासल्याशिवाय इंजिन बदलण्याचा विचारही नको, कारण मोठ्या इंजिनामागे क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग आणि ब्रेक सगळंच बदलावं लागतं. पेट्रोल जीप किंवा जिप्सी असेल, तर आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र बदलून घ्या.

गैरसमज: गाडी माझी आहे, मी काहीही करीन

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्टपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या. पादचाऱ्याला तो फार घातक असतो, त्यामुळे मला ही सूचना रास्त वाटते.

उलट दिशेचाही एक गैरसमज आहे, की १५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात. तसा आदेश दिल्ली परिसरासाठी होता. महाराष्ट्रात खाजगी गाडीचं १५ वर्षांनंतर पुन्हा पासिंग होतं, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवता येते. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं राखलेल्या गाडीलाच ती मिळते, आणि मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

दोन सूचना मात्र कोणत्याही दुरुस्तीआधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एक मिनिटासाठीही, जायचं नाही. स्टँड लावल्याशिवाय काम सुरू करू नका आणि मित्रालाही करू देऊ नका. आणि गाडी घ्यायला जाल, हरियाणातल्या मंडी डबवालीला जा किंवा शेजारच्या तालुक्यात, तेव्हा तारेचा ब्रश आणि टॉर्च बरोबर ठेवा. चासीवरचा नंबर घासून स्वतः वाचा, आरसीशी ताडून बघा. ‘कागद मागून येतील’ असं कोणी म्हणालं, तर गाडी कितीही देखणी असली तरी पैसे देऊ नका.