चिमुकल्या इंजिनाचा हट्ट

पंख जोडून झाले, रंग वाळला, पण प्रतिकृती-विमानाचे चिमुकले इंजिन काही केल्या सुरू होत नाही! राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील नवशिक्यांना हा अनुभव अपरिचित नसावा. अशा वेळी बहुतेक जण इंधनाची सुई फिरवीत बसतात; दोष मात्र पुष्कळदा दुसरीकडेच असतो.

या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो-प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार दीड व्होल्टच्या विद्युत्घटाने प्रथम तापवावी लागते. पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेने व ज्वलनाच्या उष्णतेने ती आपोआप तप्त राहते. म्हणून प्लग काढून आधी घटाला जोडून पाहावा. तार केशरी तेजाळली नाही, तर सुईचा काय अपराध?

तार ठीक असूनही पंखा फिरताना अडला, तर सिलिंडरमध्ये इंधन तुंबले आहे असे समजावे. तेथे बळ लावू नये. द्रव दाबला जात नाही, दट्ट्याचा दांडा मात्र वाकतो. घट दूर ठेवून प्लग काढावा, इंजिन पालथे धरावे व पंखा हळूहळू फिरवून इंधन बाहेर टाकावे.

घट जोडल्यावर पंख्याला बोट लावू नये. रबर चढविलेली काठी वापरावी. इंजिन क्षणभर गुरगुरून थांबले, तर ते शुभचिन्हच! इंधन अपुरे पडत आहे, एवढेच ते सांगते. आता सुई किंचित उघडावी.