विश्लेषण : कयाकमधून बास मासेमारी अमेरिकेत का वाढली? साहित्य निवडताना आधी काय पाहायचे?

अमेरिकेत ‘बास’ माशाची गळाने मासेमारी हा छंदही आहे आणि व्यावसायिक खेळही. अनेक वर्षे या खेळाची ओळख म्हणजे वेगवान, शक्तिशाली इंजिनाची महागडी बोट. आता त्याच तलावांवर वल्ह्याने किंवा पायाने चालवायच्या लहान कयाक दिसतात. खर्च कमी झाल्याने नवखेही या खेळात आले. मात्र पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर उंचीवर बसून मासे पकडण्याची गणिते वेगळी आहेत. ती न समजता केलेली खरेदी पैसे वाया घालवते आणि प्रसंगी जिवावरही बेतते.

बास म्हणजे आपला जिताडा का?

नाही. कोकणातला जिताडा किंवा गोव्यातला चोणक याला इंग्रजीत ‘एशियन सीबास’ म्हणतात. पण अमेरिकेतील ‘लार्जमाऊथ बास’ हा गोड्या पाण्यातला, पूर्णपणे वेगळ्या कुळातला मासा आहे. हिरवट अंग, बाजूला गडद पट्टा आणि मोठा जबडा ही त्याची ओळख. पाणवनस्पती, बुडालेली झाडे, धक्क्यांचे खांब अशा आडोशाला तो दबा धरून बसतो आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. जॉर्जियातील मॉन्टगोमेरी तलावात १९३२ मध्ये जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.१ किलोचा बास पकडला. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी या विक्रमाची बरोबरी केली. कुरितांचा मासा किंचित जड होता, पण नवा विक्रम ठरण्यासाठी लागणारा किमान फरक भरला नाही. एरवी गळाला लागणारे बहुतेक बास किलो-दोन किलोच्या आतलेच असतात.

कयाककडे ओढा का वाढला?

पहिले कारण पैसा. नव्या बास बोटीसाठी सहज ५० हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात. शिवाय इंधन, देखभाल आणि बोट ओढणारी गाडी हा खर्च वेगळा. मासेमारीची साधी कयाक हजार डॉलरच्या आसपास मिळू शकते. दुसरे कारण म्हणजे माशाचा स्वभाव. बास उथळ, वनस्पतींनी भरलेल्या कोपऱ्यात लपतो. तिथे मोठी बोट जात नाही, कयाक आवाज न करता शिरते. तिसरे कारण स्पर्धा. ‘बास अँग्लर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०२० मध्ये कयाकसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली. या स्पर्धांत मासा मोजपट्टीवर ठेवून छायाचित्र काढतात आणि लगेच पाण्यात सोडतात. सर्वात लांब पाच माशांच्या लांबीची बेरीज म्हणजे गुण. त्यामुळे मासे जिवंत ठेवण्याची टाकी किंवा वजनकाटा लागत नाही.

कयाक निवडताना काय पाहावे?

मासेमारीसाठी वरून मोकळी, म्हणजे ‘सिट-ऑन-टॉप’ कयाक सोयीची ठरते. तिच्या तळाला पाणी निचरण्याची छिद्रे असतात. ती उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येते. १० ते १२ फूट लांबी आणि ३३ ते ३६ इंच रुंदी बहुतेकांना पुरते. रुंद कयाक स्थिर असते, पण मंद चालते. लांब आणि अरुंद कयाक सरळ व वेगाने जाते, पण डुलते.

कंपनीने दिलेली भारक्षमता कमाल असते. तिच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच भार ठेवणे शहाणपणाचे. क्षमता १८० किलो असेल, तर व्यक्ती आणि सामान मिळून १२५ किलोच्या आसपास थांबावे. त्यापुढे कयाक खाली बसते आणि लाटेचे पाणी आत येते.

कयाकचे स्वतःचे वजनही विसरू नये. पायडल असलेल्या मोठ्या कयाक ५० किलोच्या घरात जातात. ती एकट्याने गाडीच्या टपावर चढवता येत नसेल, तर ती घरातच पडून राहते.

वल्हे, पायडल की मोटर?

वल्ह्याची कयाक स्वस्त, हलकी आणि उथळ पाण्यात उत्तम. पण वल्हे हातात असताना गळ टाकता येत नाही आणि तेवढ्यात वारा कयाक ढकलून नेतो. ही अडचण पायडलने सुटते. ‘होबी’ कंपनीने १९९७ मध्ये पायाने चालणाऱ्या पंखांची ‘मिराजड्राइव्ह’ यंत्रणा आणली आणि हात मोकळे झाले. पायडल कयाकची किंमत साधारण दोन हजार डॉलरच्या पुढे जाते. वनस्पतींत पायडल अडकतेही, म्हणून वल्हे सोबत हवेच. विजेची मोटर लावल्यास अनेक राज्यांत कयाकची बोट म्हणून नोंदणी करावी लागते.

काठ्या किती न्याव्यात?

बोटीवर दहा-बारा काठ्या मांडणारे असतात. कयाकमध्ये दोन किंवा तीन पुरतात. सुमारे सात फुटांची काठी बरी, कारण मासा कयाकखाली गेला तर टोकाला वळसा घालून दोर पलीकडे नेता यावा लागतो. मूठ मात्र आखूड असावी, नाहीतर ती जीवरक्षक जाकिटात अडकते. एक मध्यम ताकदीची, स्पिनिंग रीलची आणि ८ ते १० पौंडी दोराची काठी हलक्या आमिषांसाठी. दुसरी अधिक ताकदीची, बेटकास्टिंग रीलची आणि १२ ते १७ पौंडी दोराची.

आमिषांचीही दुकानभर खरेदी नको. वनस्पतींत न अडकणारा मऊ प्लास्टिकचा किडा, मासे शोधायला स्पिनरबेट किंवा क्रँकबेट आणि पाणपानांवरून ओढायचा प्लास्टिकचा बेडूक, एवढ्यावर पूर्ण हंगाम निघतो. गळ काढायची पक्कड आणि तार तोडणारे कटर हाताशीच हवे. तीन काट्यांचा गळ बोटात रुतला, तर किनारा दूर असतो.

सर्वात मोठा धोका कोणता?

थंड पाणी. अंडी घालण्यापूर्वी, वसंताच्या सुरुवातीला, मोठ्या माद्या उथळ पाण्याकडे येतात. म्हणून मोठा मासा शोधणारे नेमके तेव्हाच बाहेर पडतात. हवा उबदार असते, पण पाणी बऱ्याच ठिकाणी १५ अंश सेल्सिअसखाली असते. अशा पाण्यात अचानक पडल्यास धाप लागते, पहिल्याच श्वासात पाणी आत जाऊ शकते आणि काही मिनिटांत हात काम करेनासे होतात. पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. कपडे हवेनुसार नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार निवडायचे, हा नियम त्यातूनच आला.

अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२२ च्या अहवालानुसार, नौकाविहारातील मृतांपैकी कारण ठाऊक असलेल्यांत ७५ टक्के बुडून दगावले. बुडालेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली, त्यातील ८५ टक्के जणांनी जीवरक्षक जाकीट घातलेले नव्हते. कायद्याने जाकीट कयाकमध्ये असणे बंधनकारक आहे, पण आसनामागे खोचलेले जाकीट पाण्यात पडल्यावर हाती लागत नाही. मासेमारीसाठीच्या जाकिटात पाठीचा फोम उंचावर असतो, त्यामुळे ते आसनाला टेकत नाही आणि दिवसभर अंगावर ठेवता येते.

खर्चाचा क्रम कसा लावावा?

आधी अंगात नीट बसणारे जाकीट आणि शिट्टी. मग वजनाला पेलणारी, स्थिर कयाक आणि हलके वल्हे. त्यानंतर दोन काठ्या. मासे दाखवणारे सोनार, नांगर, काठ्यांचे स्टँड हे सारे एक हंगाम उलटल्यावर घेता येते. नेमके काय कमी पडते, हे तोवर कळलेले असते. वाहत्या पाण्यात कयाकच्या बाजूला नांगर बांधणे धोक्याचे, तो टोकालाच हवा.

बहुतेक राज्यांत १६ वर्षांवरील व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. एका राज्याचा परवाना सहसा दुसऱ्या राज्यात चालत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथे मुलांकडे गेलेल्या मराठी मंडळींनी तो गळ टाकण्याआधीच घ्यावा. निघताना कुठे जातोय आणि कधी परतणार हे घरी सांगावे. फोन जलरोधक पिशवीत, कयाकमध्ये नव्हे तर अंगावर ठेवावा. आणि मासेमारीच्या पहिल्या फेरीआधी, उन्हाळ्यात, किनाऱ्याजवळ, सोबत कुणी असताना कयाक मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करावा. पोटावर आडवे होत, पाय मारत आत यायचे आणि मग वळून बसायचे. हे दोन-तीनदा जमले नाही, तर ती कयाक आपल्यासाठी नाही असे समजावे, मग तिच्यावर कितीही सामान बसवता येत असो.