डोंगरावर काय ठेवलंय?

मैत्रिणींनो, तुम्ही शेवटचा डोंगर कधी चढलात? नवस फेडायला किंवा यात्रेला नव्हे हं. उगीच, आपल्या हौसेनं! मी तर वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत कधीच चढले नव्हते. आमच्या परभणीकडे बाई डोंगरावर जाते ती देवाला, नाहीतर सरपणाला.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं अमेरिकेतल्या भाचीनं. दिवाळीत आली होती. सुट्टीच्या दिवशी ती पोरांना घेऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघत कुणीतरी लपवलेली डबी शोधायला जाते. डबीत वही असते. नाव, तारीख लिहायची आणि डबी होती तिथं ठेवायची. याला तिकडे जिओकॅशिंग म्हणतात. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दोनच दिवसांत ओरेगॉन राज्यात एकानं पहिली बादली लपवून हा खेळ सुरू केला. काही हौशी लोक डबीऐवजी डोंगरमाथ्यावरच्या मोजणीच्या खुणा शोधतात. ब्रिटनमध्ये १९३६ पासून अशा खुणांचे साडेसहा हजारांच्या आसपास खांब बांधले गेले. ते एकेक करून 'गाठणारे' लोक तिकडे आहेत म्हणे.

"मावशी, तुमच्याकडे पण असतील की!" ती म्हणाली, आणि मला एकदम माझे वडील आठवले.

वडील मोजणी खात्यात होते. लहानपणी त्यांच्याकडूनच कळलं की शंकू साखळी ३३ फुटांची, आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. आपण रोज गुंठे-एकर बोलतो, पण त्यामागं एक लोखंडी साखळी आहे हे कुणाच्या ध्यानात असतं?

डोंगरावरच्या दगडांची गोष्ट त्याहून मोठी. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी शंभर फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. ५७ दिवस लागले! नववीची भूमिती आठवा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणितानं काढता येतात. मग साखळी ओढायची गरजच नाही. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे बघायचं आणि कोन मोजायचा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम हिमालयापर्यंत गेलं. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं, उचलायला बारा माणसं. त्याच कामातून १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या गणितानं जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं. मुख्य रेषा ७८ रेखांशाजवळून, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडून गेली. लॅम्बटन साहेबांनी देह ठेवला तोही महाराष्ट्रातच, हिंगणघाटला, २० जानेवारी १८२३ रोजी. सत्तरीच्या घरातला माणूस, शेवटपर्यंत कामावर!

भारतीय सर्वेक्षण विभागानं २०१७ मध्ये नकाशे संगणकावर फुकट उतरवून घेण्याची सोय केली. पुतण्यानं आमच्या भागाचा नकाशा काढून दिला. त्यावर छोटासा त्रिकोण, मध्ये टिंब आणि शेजारी उंचीचा आकडा दिसला की समजायचं, इथं खूण आहे. जिंतूर तालुक्यातली एक टेकडी मी हेरली.

"डोंगरावर काय ठेवलंय?" आमचे हे. सासूबाई म्हणाल्या, "जायचंच तर नेमगिरीला जाऊन या, दर्शन तरी होईल." पण शेजारच्या वहिनी तयार झाल्या. भाकरी, ठेचा, पाण्याच्या बाटल्या आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन निघालो.

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. खाली तुरीची रानं, वर वाळलेलं गवत. दीड तासानं माथ्यावर पोचलो. खडकात एक वर्तुळ कोरलेलं आणि मधोमध टिंब. बस, एवढंच! पण अंगावर काटा आला. आणि शेजारी बघतो तर कमरेइतका खड्डा.

शेळ्या राखणारी एक आजी तिथं होती. "कामून आल्या बाई हिकडं? धन बघाया?" तिनंच सांगितलं, इंग्रजानं इथं धन पुरलंय म्हणून रात्री कुणी कुणी येऊन खांदून जातात. खालून मुरूम काढणंही चालूच होतं. टेकडीची एक बाजू पार कापलेली.

मी तिला सगळं समजावलं. इथं धन नाही, ही फक्त जागेची खूण आहे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग शेंदूर लावा की. कुनी हात लावायचं न्हाई."

मला हसू आलं आणि पटलंही. पण खोटा देव करायचा कसा? मी नाही लावला. आम्ही एका स्टीलच्या डबीत छोटी वही ठेवली, त्यात दोघींची नावं लिहिली आणि दगडाच्या सांदीत सरकवली. आजीनं विचारलं, "माझं नाव लिव्हता का? कुठंच न्हाई ते, सातबाऱ्यावर बी न्हाई." लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला, काजळाचा.

संक्रांतीनंतर पुन्हा गेलो. डबी जागेवर होती. खड्डा कुणीतरी दगडमातीनं बुजवला होता. आणि त्या वर्तुळावर ताजा शेंदूर, दोन झेंडूची फुलं! मी बराच वेळ नुसती बघत बसले. चूक म्हणू की बरोबर, अजून ठरत नाही. पण खूण शाबूत आहे, हे खरं. मुरूम काढणं मात्र थांबलेलं नाही. त्याचा अर्ज आम्ही दोघींनी सह्या करून दिला आहे.

तुम्हीही तुमच्या जवळची टेकडी शोधा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी जा, ऊन चढायच्या आत उतरा. खूण सापडली तर खणू नका, रंगवू नका. फोटो काढा आणि गावातल्या शाळेच्या गुरुजींना सांगा. आणि घरी कुणी विचारलंच, "डोंगरावर काय ठेवलंय?", तर त्यांनाही पुढच्या खेपेला बरोबर न्या. आमचे हे आता येतात. पाण्याची पिशवी त्यांच्याकडे असते!